उघड्या डब्यातला पिवळा

माझ्या मोठ्या भावाला मॉडेल बनवण्याचा छंद आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, लोक काहीही म्हणतात. दादाने आयुष्यात एकही मॉडेल बनवलेलं नाही. तो मॉडेलचे खोके जमवतो. विमानं, जहाजं, रणगाडे, सगळं सुट्या भागांत, खोक्यात, आणि खोक्यावरचं कारखान्याचं पारदर्शक वेष्टण जसंच्या तसं. त्याच्या घरातली एक अख्खी खोली या खोक्यांना दिलेली आहे. तिथले पडदे कायम ओढलेले असतात, कारण उन्हाने खोक्यांवरची चित्रं फिकी पडतात. वहिनीचं शिवणाचं मशीन मात्र गच्चीच्या दाराशी, भर उन्हात. वहिनी फिकी पडली तर कुणाची हरकत नाही.

दादाचा एक क्लबही आहे. त्याच्यासारखेच पोक्त गृहस्थ महिन्यातून एकदा तिथे जमतात, हातात पांढरे सुती मोजे घालतात, एकमेकांचे खोके उलटेपालटे करून पाहतात आणि परत देतात. झाला कार्यक्रम. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. परक्या माणसांच्या हिरड्यांचे साचे दिवसभर हाताळते, पण एवढं सोवळं मलासुद्धा पाळावं लागत नाही.

त्या सगळ्या खोक्यांत एक खोका निम्मा माझा आहे. तो अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हा दोघांसाठी आणला होता. अप्पा विमानतळावर टो-ट्रॅक्टर चालवायचे. विमान कितीही मोठं असलं तरी जागेवरून मागे सरकायचं म्हटलं की त्याचं काही चालत नाही. मग एक बुटका, जड, पिवळा ट्रॅक्टर येतो, विमानाच्या पुढच्या चाकाला लोखंडी दांडा अडकवतो आणि त्याला ढकलत नेतो. त्या ट्रॅक्टरच्या सीटवर अप्पांची उभी हयात गेली. दुकानांत विमानांची मॉडेलं ढिगाने असायची, पण ट्रॅक्टरचं मॉडेल कोण कशाला काढेल? तरी एका कंपनीला ती बुद्धी झाली. तिने विमानतळावरच्या जमिनीवरल्या गाड्यांचं किट काढलं. त्यात टो-ट्रॅक्टर होता, इंधनाचा टँकर होता, जिन्याची गाडी होती, विमानाला वीज पुरवणारी ढकलगाडी होती आणि ही सगळी कामं करणारी बोटाएवढी माणसं होती. खोक्यावरच्या चित्रात विमान एका कोपऱ्यात होतं, तेही अर्धं कापलेलं. अप्पांनी तो खोका दुकानाच्या काचेत पाहिला आणि घरी आणून आमच्या दोघांच्या मधे ठेवला.

"दोघांनी मिळून जोडा," म्हणाले. "विमान राहू दे तिकडे कोपऱ्यात."

दादाने खोका उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवला. "नंतर करू, चिमे. तुझे हात अजून लहान आहेत." माझे हात मोठे झाले, त्यांच्यावर सुरकुत्या पडायला लागल्या, पण ते 'नंतर' काही आलं नाही. लग्नानंतर दादा वेगळा राहायला गेला तेव्हा खोका सोबत घेऊन गेला. आता त्याला दुर्मीळ म्हणतात. क्लबातले लोक तो पाहायला येतात आणि जाताना दाराशी क्षणभर थांबून मागे वळून बघतात.

अप्पा माझ्याकडे, जुन्याच घरात राहतात. त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला आहे. एक डोळा आधीच तसा झाला होता, मग दुसऱ्याची सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाल्या, "समोरचं, नेमकं मधलं दिसणं जाईल. कडेकडेचं राहील. चष्म्याचा उपयोग नाही."

"जन्मभर सरळ बघून चाललो," अप्पा म्हणाले, "आता डॉक्टरच तिरकं बघायला सांगतायत."

आधी वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं गेली, मग मथळे गेले. मग एके दिवशी सकाळी चहा देताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चिमे, तुला आता नाक नाही." मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हापासून मी त्यांच्या समोर बसत नाही, बाजूला बसते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, आणि त्यांना मी दिसते.

दादा दर रविवारी येतो. अप्पांच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर एक हातांची खुर्ची आहे, ती दादाची. तिच्यात बसून तो गुडघ्यांवर हात ठेवतो आणि अप्पांच्या तब्येतीची चौकशी करतो. मी त्याला सांगितलं, "दादा, तिथे बसलास तर तू त्यांना दिसत नाहीस. खुर्ची कडेला घे."

"मी काय परका आहे, कडेला बसायला?" दादा म्हणाला.

मी पुढच्या रविवारी पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही सांगितलं. मग चहा ओतायला लागले.

अशाच एका रविवारी अप्पांनी विषय काढला. "तो ट्रॅक्टर जोडा आता," ते म्हणाले. "थोडंफार दिसतंय तोवर बघून घेतो."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "अप्पा, तो सीलबंद आहे!"

"मग सील काढ."

"एकदा सील काढलं की संपलं सगळं."

"माझे डोळे संपत आलेत, त्याचं बघ आधी," अप्पा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. पण आयुष्यात त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ज्याच्याकडे मागत होते तो समोर बसूनही त्यांना दिसत नव्हता. मला दादाच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

वहिनीने घरी गेल्यावर त्याला काय ऐकवलं कोण जाणे, पण पुढच्या रविवारी दादा तयार झाला. फक्त एक अट होती. करायचं तर अचूक करायचं. आणि अचूक करायचं तर आधी रंग ठरवायला हवा.

"पिवळा," मी म्हटलं.

दादाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चिमे, पिवळा काय एकच असतो?"

मग सुरू झालं क्लबाचं संशोधन. त्या काळातले फोटो काळेपांढरे, त्यामुळे वाद घालायला रान मोकळं. क्लबाचे अध्यक्ष म्हणायचे, रंग हळदीसारखा होता. चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणायचे, छे, त्यात नारिंगी होता. हा माणूस दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा बसवतो, पण आपण ज्याच्यासाठी रंग शोधतोय त्याला रंग दिसेनासा होतोय, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. महिन्याची बैठक पंधरवड्यावर आली. पुठ्ठ्यांवर पिवळे पट्टे रंगवले गेले, ते उन्हात आणि सावलीत धरून पाहिले गेले. रंगाबद्दल एवढा चोखंदळ असलेला माझा भाऊ स्वतःच्या डोक्याला वर्षानुवर्षं कोळशासारखा कलप लावायचा. दोनेक वर्षांपूर्वी टाळूवर पुरळ उठली, कलप सोडावा लागला, आणि डोकं बघता बघता पांढरं झालं. त्या छटेवर मात्र क्लबात चर्चा झाली नसावी.

शेवटी एका रविवारी ती मंडळी पुराव्यासाठी आमच्याकडे आली. दादाने ते पिवळे पट्टे अप्पांच्या नाकासमोर धरले. नेमके तिथे, जिथे त्यांना काहीच दिसत नाही.

"अप्पा, आठवून सांगा. तुमचा ट्रॅक्टर यातला कोणत्या पिवळ्याचा होता?"

अप्पांनी विचार केला. "जो डबा उघडा असेल तो लावायचे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे कोठारात जाऊन उघडा डबा आणायचा आणि फासायचा. एकदा पिवळा संपला तर मागची बाजू हिरवी केली होती. कोण बघतंय? लोक विमान बघतात."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. जिना उतरताना अध्यक्ष दादाला म्हणाले, "वय झालं की आठवणी दगा देतात." हे मी वरून ऐकलं. ओंजळभर पाणी हाताशी असतं तर खाली ओतलं असतं.

तोवर अप्पांना घड्याळाचे काटे दिसेनासे झाले होते. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या जागी ते एक राखाडी डाग पाहायचे आणि आवाज ऐकून ही कालचीच का, असं मला विचारायचे. आता आणखी दोन महिने रंगाचा काथ्याकूट चालला असता तर जो काही रंग ठरला असता तो अप्पांच्या काही उपयोगाचा नव्हता. मी दादाला फोन करून तसं सांगितलं, आणि जरा वरच्या पट्टीत सांगितलं. तेव्हा कुठे खोका उघडायचा दिवस ठरला.

उघडायचा म्हणजे नुसता उघडायचा नाही. त्यालाही समारंभ. दादाच्या घरी टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. क्लबातले झाडून सगळे मोजे घालून उभे. अप्पांना मानाची जागा, टेबलाच्या मधोमध, म्हणजे त्यांना फक्त टेबलाच्या कडा दिसणार. दादाने पातळ पात्याने वेष्टण कापलं तेव्हा मागे कुणीतरी चक्क सुस्कारा टाकला. झाकण वर आलं. जुन्या प्लॅस्टिकचा कोंडलेला वास आला आणि सगळे पुढे वाकले.

मग एकेकजण मागे सरकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या किटांमध्ये गाड्यांचे टायर मऊ प्लॅस्टिकचे असायचे. ते कडक प्लॅस्टिकला टेकून राहिले की वर्षानुवर्षांत त्याला हळूहळू विरघळवतात, खातात. हे क्लबातल्या प्रत्येकाला पाठ आहे. नवा माणूस आला की त्याला पहिला धडा हाच देतात, की जुनं किट मिळालं तर आधी टायर काढून वेगळ्या पिशवीत घाल. पण टायर वेगळे काढायचे तर खोका उघडावा लागतो. आणि खोका उघडला की तो सीलबंद राहत नाही. म्हणून या शहाण्यांनी सगळं ठाऊक असताना टायर आत राहू दिले, आणि वर पडदे ओढून खोक्यावरचं चित्र जपलं.

"खाल्लं," चष्मेवाले पुटपुटले.

"काय खाल्लं?" अप्पांनी विचारलं.

मी टेबलाजवळ जाऊन पाहिलं. "अप्पा, टायरांनी ट्रॅक्टरची चाकं खाल्ली आहेत. एकच धड उरलंय. आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर टायरांच्याच पिशवीत होता. त्याची पाठ गेली."

"पाठ आमचीही तशीच गेली," अप्पा म्हणाले. "बाकी बरा आहे ना?"

अध्यक्षांनी मोजे काढले. लोक हळूच दादाच्या खांद्यावर हात ठेवायला लागले. दादा त्या विरघळलेल्या चाकांकडे बघत राहिला आणि मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"परत बंद करता येईल," तो म्हणाला. "नवीन वेष्टण घालता येतं. बाहेरून काही कळायचं नाही."

मी माझ्या भावाला लहानपणापासून ओळखते. हट्टी आहे, भित्रा आहे, आपलंच खरं करणारा आहे. पण त्या क्षणी मला त्याची अक्षरशः किळस आली.

"बंद कर तुझा निम्मा," मी म्हटलं. "टँकर ठेव, जिना ठेव, खोका तर ठेवच, तोच लाडका आहे तुझा. ट्रॅक्टर माझा. हा माणूसही माझा." आणि मी उघड्या हातांनी, मोजे न घालता, ट्रॅक्टरचे भाग आणि तो पाठ नसलेला ड्रायव्हर उचलून पर्समध्ये टाकला. पर्समध्ये! चष्मेवाल्यांनी तोंडावर हात ठेवला. वहिनी दारात उभी होती, तिने मला वाट करून दिली आणि मागोमाग अप्पांचा हात धरून त्यांना जिना उतरवून दिला.

मी ते काम लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत केलं. उरलेल्या एका चाकाचा साचा घेतला आणि त्यात कवळीचा मसाला ओतून बाकीची चाकं काढली. आम्ही हिरड्या बनवायला जी गुलाबी पूड वापरतो ती, दुसरी माझ्याकडे नव्हती. ड्रायव्हरची पाठही त्याच गुलाबीची घडवली. दातांच्या मुळाशी फिरवायचं कोरणं त्याच्या मणक्यावरून फिरवलं. सगळं सुबक झालं असं म्हणणार नाही. ड्रायव्हर एका कुशीवर कलला, पुढच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा डिंकाचा ठसा उमटला आणि ओढायचा दांडा जरासा तिरपा चिकटला. पाण्यात भिजवून चिकटवायचे आकडे भिजवल्याबरोबर चुरा होऊन तरंगायला लागले. अप्पांना विचारलं, तुमच्या ट्रॅक्टरचा नंबर काय होता? ते म्हणाले सात. मी ब्रशने सात काढला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, नऊ असेल. सात तसाच राहिला.

रंग मात्र मी संशोधन करून ठरवला. हार्डवेअरच्या दुकानात जितके पिवळे होते तितक्यांचे ठिपके काळ्या पुठ्ठ्यावर लावून आणले. अप्पांना समोर बघायला सांगितलं आणि एकेक पुठ्ठा त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणत गेले.

"आता?"

"नाही."

"हा?"

"काहीतरी आहे. मळकट आहे."

"आणि हा?"

अप्पांची मान ताठ झाली. "हा," ते म्हणाले. "हा ओरडतोय."

तो लोखंडी फाटकांना फासतात तसला, स्वस्तातला, डोळ्यांत घुसणारा पिवळा होता. तोच लावला, दोन हात देऊन. मग टेबलावर काळा ट्रे ठेवला आणि त्याच्या मधोमध ट्रॅक्टर.

रविवारी दादा आला तो जवळजवळ पळतच. ट्रॅक्टर अजून माझ्या पर्समध्येच, न रंगवता पडला असेल अशी त्याची समजूत होती की काय, कोण जाणे, त्याच्या हातात रंगाचा एक छोटा डबा होता. "ठरला!" तो दारातूनच म्हणाला. "क्लबात एकमत झालं! अध्यक्षांनीसुद्धा मान्य केलं!" मागून वहिनी आली, चपला काढता काढता तिने टेबलाकडे पाहिलं आणि ती हसली.

मग दादाने पाहिलं.

"हे काय केलंस तू?" तो म्हणाला. "खेळणं केलंस! तेलाचे डाग कुठे आहेत? पोपडे कुठे आहेत? इतकी वर्षं राबलेला ट्रॅक्टर असा दिसतो? झिजलेपणा कुठे आहे याच्यात?"

"झिजलेपणा खुर्चीत बसलाय," मी म्हटलं. "तिकडे बघ."

तो त्याच्या खुर्चीत धपकन बसला, अप्पांच्या समोर. अप्पा दादाच्या मागच्या खिडकीच्या कडीकडे बघत होते. "बघ," दादा मला म्हणाला, आणि त्याचा आवाज कडवट झाला होता. "एवढं सगळं नासवलंस, आणि ते बघत तरी आहेत का? खिडकीकडे बघतायत!"

"बघतोय मी," अप्पा खिडकीच्या कडीला म्हणाले. "केव्हापासून तेच बघतोय. पिवळा आहे. दांडा जरा तिरपा आहे. ड्रायव्हर वाकडा बसलाय."

"त्याची पाठ नवीन आहे, अप्पा."

"मग बसेल हळूहळू," ते म्हणाले आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पूर्वी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. ते खूश होते. मला इतका आनंद झाला की क्षणभर दादाचा रागसुद्धा विसरले.

दादाला मात्र राहवेना. खेळणं असलं तरी दुर्मीळ किटमधलं खेळणं होतं ना ते. चाकं कशाची बनवली हे त्याला जवळून बघायचं होतं. तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि ट्रेशेजारी उकिडवा बसला. डोकं अगदी ट्रॅक्टरला लावून त्याने एक डोळा मिटला आणि चाकाच्या आतल्या बाजूला डोकावला.

"गुलाबी आहे आतून," तो म्हणाला. "चिमे, हे गुलाबी काय आहे?"

"हिरडी," मी म्हटलं.

अप्पांची नजर खिडकीच्या कडीवरच होती. पण त्यांचा हात खुर्चीवरून वर उठला आणि तसाच अधांतरी राहिला.

"कोण आहे तो?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, अप्पा," दादा म्हणाला.

अप्पा कडीकडे बघत होते आणि पापणी लववत नव्हते.

"अरे," ते म्हणाले, "तुझे केस कधी पिकले?"

दादाने मोकळा हात डोक्यावरून फिरवला. दर रविवारी तो या घरात येत होता, गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसत होता, आणि त्याच्या वडिलांच्या मनात तो अजून कलप लावलेला, काळ्या केसांचाच होता. हे त्याला त्याच वेळी कळलं. मला कळलं की त्याला कळलं. त्याला ऐकवायचं म्हणून एक वाक्य मी केव्हापासून जिभेवर धार लावून ठेवलं होतं. ते मी गिळलं. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाही राग आला.

"झाले बरेच दिवस, अप्पा," दादा म्हणाला.

"मला कुणी सांगितलं नाही," अप्पा म्हणाले. "आजोबांवर गेलास अगदी."

दादाचे गुडघे दुखतात, उकिडवं बसणं त्याला झेपत नाही. तो टेबलाची कड धरून उठायला लागला. वहिनीने त्याची खुर्ची समोरून उचलली आणि टेबलाच्या कडेला आणून त्याच्या मागे ठेवली. क्लबाने ठरवलेल्या पिवळ्याचा डबा त्याच्या हातात तसाच होता, झाकणसुद्धा न उघडलेला.

"हलू नकोस," अप्पा घाईने म्हणाले. "ट्रॅक्टरही दिसतोय, तूही दिसतोयस."

दादा खुर्चीत बसला आणि हलला नाही. एका जागी, कुणाचा धक्का न लागता, तसंच्या तसं राहणं या माणसाला जन्मभर जमत आलंय. पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.